माताजींची साडी

“काकू, एवढं जपून तर मी माझ्या पोरालाबी पाळण्यात ठेवलं न्हाई कवा,” रहाटाचा दोर धरून उभी असलेली मंगल म्हणाली.

चंपाबाईंनी मान वर केली नाही. मंदिरामागच्या विहिरीवर ओणवून त्या खाली जाणारी छोटी बादली पाहत होत्या. बादलीच्या बुडाला एक कडी होती आणि त्या कडीत दुसरा बारीक दोर अडकवलेला होता. विहिरीचे पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळून झाले होते. मग तेच फडके उलटे धरून, त्यावर अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव गाळल्या पाण्याने बादलीत उतरवून झाले होते. आता ते जीव आपल्या पाण्यात परत जायचे होते. बादली पाण्याला टेकली तसा चंपाबाईंनी बारीक दोर ओढला. बादली कलंडली. आवाज झाला नाही. नुसते एक वर्तुळ थरथरत काठापर्यंत गेले आणि शांत झाले.

“गेली घरला,” त्या म्हणाल्या.

“कोन?”

“ज्यांची हुती ती.”

“तुमचं आपलं कायतरीच,” मंगल हसली. “त्यांची पोरंबाळं वाट बगत बसली असतील न्हवं दारात!”

पलीकडे कुपवाडच्या कारखान्यांचा भोंगा झाला आणि रस्त्यावरून मोटारसायकलींची रांग घरघरत गेली. चंपाबाईंनी गाळलेल्या पाण्याची कळशी कमरेवर घेतली. तेवढ्यात मंदिराच्या ओवरीतून साक्षीताई आली. शिरवळच्या घरातून निघून साध्वींच्या संघाबरोबर राहणारी ही ब्रह्मचारिणी मुलगी मोजके आणि हळू बोलत असे. तिच्या हातात पांढऱ्या कापडाची घडी होती.

“काकू, माताजींची साडी.”

चंपाबाईंनी कळशी पुन्हा खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मगच ती घडी घेतली.

या चातुर्मासात मंदिराच्या आवारात दोन आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. थोरल्या माताजी वयाने पिकलेल्या. धाकट्या त्या संवेगमती माताजी. आर्यिकेजवळ स्वतःचे म्हणून असते ते किती? मोरपिसांची पिच्छी, पाण्याचा कमंडलू, एखादे शास्त्र, आणि बिनकाठाच्या पांढऱ्या सुती साड्या दोन. एक अंगावर, एक धुण्यात. धुण्याची सेवा गावातल्या बायकांकडे असे, आणि संवेगमती माताजींची साडी चंपाबाईंच्या वाट्याला आली होती.

काही वर्षांपूर्वीपर्यंत संवेगमती माताजी ब्राह्मी होत्या. ब्राह्मी रायगोंडा पाटील. चंपाबाईंची एकुलती एक लेक.

दीक्षा झाली की मागचे नाते गळून पडते. हे चंपाबाईंना कुणी समजावून सांगावे लागले नव्हते. लहानपणापासून त्या हेच ऐकत आल्या होत्या. लेकीसमोर त्या हात जोडून “वंदामि माताजी” म्हणत, आणि लेक गावातल्या कुठल्याही बाईसाठी उचलावी तशीच त्यांच्यासाठी आशीर्वादाची पिच्छी उचले. साडी धुण्याची परवानगी देताना थोरल्या माताजींनी एवढेच सांगितले होते, “श्राविका म्हणून धुवा, चंपाबाई, गावातल्या इतर बायका धुतात तशी. आई म्हणून नको.” चंपाबाईंनी मान हलवली होती. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. दिवाळीनंतर माताजी गाव सोडून पुढे जातील, तोवर ही साडी आपल्या हातून सुटू नये.

म्हणून त्या धुण्यात कुठेही उणे पडू देत नसत. साबण चालत नव्हता, त्यात कशाची चरबी असेल सांगता येत नाही. नीळ नाही, खळ नाही. झळाळी आणि ताठपणा हा संसारी कपड्यांचा शृंगार. नळाचे पाणी नाही, बोअरचेही नाही. उरले ते रिठे, गाळून उकळून हंड्यात निववलेले विहिरीचे पाणी, आणि ऊन. भिजवलेल्या रिठ्यांच्या साली मंद आचेवर उकळायच्या, ते तांबूस पाणी फडक्यातून गाळायचे, हाताने घुसळले की त्याला मऊ, बुटका फेस येई. साबणासारखा तो फेस मिरवत नसे. काम करी आणि विरून जाई. साडी दगडावर आपटायची नाही, पिळायची नाही. आजाऱ्याचा हात हाती घ्यावा तशी दोन्ही तळव्यांत धरायची, दाबायची, सोडायची. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढायची. मळके पाणीसुद्धा मोरीत न सोडता परसात कोरड्या मातीवर, उन्हात, पसरून ओतायचे.

हे सगळे त्यांना कुणी शिकवले म्हणाल, तर हळदीने. रायगोंडा उभी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर हळदीचे नमुने पारखत आले. संध्याकाळी घरी येत ते पिवळे होऊनच. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नव्या नवरीने त्यांच्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला आणि शर्ट कुंकवासारखा लाल झाला. यार्डातले हमाल महिनाभर रायगोंडांना नवरदेव म्हणत राहिले. तेव्हा सासूने रिठा हातात दिला आणि सांगितले, की हळद साबणाने चिडते, रिठ्याने ऐकते, आणि उरलीसुरली उन्हाला भिऊन पळते.

*

“आजबी साडीच का? आमच्या शर्टाला कोन इचारतंय!” रायगोंडांनी दारात सायकल लावत विचारले.

“तुमचा शर्ट उद्या. तिकडनं या, दोरीखालनं नगा. हळद झडतीया तुमच्या अंगावरनं.”

“आता सवताच्या घरात पालीवानी भिताडाला चिकटून चालू व्हय?”

“चाला की. पाल बरी. ती पिवळं पाय उमटवत न्हाई.”

रायगोंडा खरोखरच भिंतीच्या कडेने गेले. परसात दोरीवर ती साडी संध्याकाळच्या वाऱ्यात किंचित हलत होती. तिच्याकडे न पाहता जाण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. मान थोडी उजवीकडे, जणू शेजारच्या कौलांवर काही पाहायचे राहिले आहे.

चंपाबाईंनी चहा पुढे ठेवला. “समदं गाव जाऊन आलं मंदिरात. एकदा तरी या की.”

“समदं गाव गेलं न्हवं? मग झालं की. माझ्यावाचून काय अडलंय?”

“अडलं न्हाई. पन बरं दिसतं का?”

“माझं नाव काडलं का तिनं कवा?”

“त्या कुनाचंच काडत न्हाईत.”

“मग मी बी न्हाई काडत.” रायगोंडांनी बशी तोंडाला लावली. बोलणे संपले.

दीक्षेच्या आदल्या दिवशी मुलीला नवरीसारखी सजवतात. हळद लावतात, ओटी भरतात, वाजतगाजत मिरवतात. आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे तिनेच उतरवून ठेवायचे असते. त्या हळदीसाठी रायगोंडांनी दुकानातल्या पोत्यांतून एकेक हळकुंड स्वतः निवडले होते, दळून आणले होते आणि उंबऱ्यावर पुडा ठेवून ते निघून गेले होते. समारंभाला ते आले नाहीत. लोक म्हणाले, बाप दगडाचा आहे. त्या हळदीचा रंग किती खरा होता, हे फक्त चंपाबाईंनी पाहिले होते.

“काय जळतंय का?” रायगोंडांनी एकदम विचारले.

चंपाबाई चुलीकडे धावल्या. आमटी बुडाला लागली होती. साथीच्या वर्षी त्यांना ताप आला आणि गेला. पण त्याच्याबरोबर वास गेला तो परतला नाही. करपलेले, आंबलेले, उमललेले, सारे त्यांना आता नवऱ्याकडून समजे.

*

दोन दिवसांनी साक्षीताई आली ती दारातच थांबली. तिच्या हातात साडी नव्हती.

“काकू, आज माताजींचा उपवास आहे.”

“आज? आज अष्टमी न्हाई, चौदस न्हाई. कसला गं?”

साक्षीताईने पायाकडे पाहिले. “प्रायश्चित्ताचा. काल तुम्ही दिलेल्या साडीला वास होता, काकू. वाळ्याचा.”

“वाळा?”

“माताजी सकाळी ती नेसून ध्यानाला बसल्या आणि मध्येच उठल्या. मी इतकी वर्षे बरोबर आहे, असे कधी झालेले नाही. स्वतःच थोरल्या माताजींकडे गेल्या आणि सांगितले, माझे मन घरी गेले.” तिने आवाज आणखी उतरवला. “थोरल्या माताजी म्हणाल्या, उद्यापासून साडी मंगलवहिनींकडे द्या. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

ती गेली, तरी चंपाबाई दाराची चौकट धरून उभ्याच होत्या. वाळा या घरात नवा नव्हता. ब्राह्मी शाळेत जायची तेव्हा तिचे कपडे शेवटी वाळ्याच्या पाण्यातून काढत. वर्गात मुली तिला पाहून म्हणत, ‘पाण्याचा माठ आला बघा!’ आणि ती घरी येऊन तक्रार करी, पण एखाद्या दिवशी वाळा राहून गेला तर तीच गणवेश नाकाशी धरून विचारी, “आई, आज विसरलीस?” ते सारे खरे. परंतु या साडीला चंपाबाईंनी वाळा घातला नव्हता. घालणार कसा? घरात वाळा आणला त्यालाच किती उन्हाळे झाले!

लेक उपाशी होती. पाण्याचा घोटसुद्धा नाही. चंपाबाईंनी ताटातला घास तसाच ठेवला आणि हाताला काम हवे म्हणून रायगोंडांचे पिवळे शर्ट धुवायला घेतले.

भिजत घालण्यापूर्वी खिसे चाचपायची त्यांना सवय होती. यार्डातल्या माणसाच्या खिशात काय नसते! हळदीचे तुकडे, तंबाखूची पुडी, कधी अर्धी सुपारी. दुसऱ्या शर्टाच्या खिशात रुमालाची एक गुंडाळी निघाली, आतून दमट. त्यांनी ती उलगडली. बारीक, तपकिरी मुळांची एक जुडी होती. सुतळीने बांधलेली, आणि सुतळीला पोत्याचे तोंड बांधताना हमाल मारतात ती, एका ओढीत सुटणारी गाठ.

चंपाबाईंनी जुडी नाकाशी नेली. काही आले नाही. तरीही त्या बराच वेळ ती तशीच धरून बसल्या.

*

संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी त्यांनी ती जुडी ठेवली.

रायगोंडांनी पाहिले. कप उचलला, परत ठेवला.

“हंड्यात कवा टाकलासा?”

“परवा सांजचं. तू मंदिरात गेली हुतीस. पहाटं तू उठायच्या आदी काडला.”

“का पन?”

रायगोंडा अंगठ्याच्या नखातली हळद दुसऱ्या नखाने काढू लागले. ती निघत नव्हती. कधीच निघाली नव्हती.

“यार्डाच्या दारात एक म्हातारी वाळा घिऊन बसली हुती,” ते म्हणाले. “सायकल आपसूकच थांबली. घेतला. आता घेतलाय तर करायचं काय त्याचं? तुला दावला असता तर तू ओरडली असतीस.”

“मग?”

“मग काय. तुला वास येत न्हाई. मला वाटलं, कुनाला कळनार हाय?”

“मला न्हाईच कळलं,” चंपाबाई म्हणाल्या. “त्यांना कळलं. ध्यानातनं उठल्या. आज उपाशी हायत त्या, आवं. पानी बी न्हाई घेतल्यालं.”

रायगोंडांचा हात थांबला. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. रात्री ताट वाढले तेव्हा ते म्हणाले, “भूक न्हाई,” आणि भिंतीकडे तोंड करून पडले. चंपाबाईंनी साडी हातची गेल्याचे त्यांना सांगितले नाही. ते त्यांना समजले असावे, कारण दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, “तू जा उद्या. सांग, म्याच केलं म्हनून. तुजी काय चूक?”

*

संवेगमती माताजी ओवरीत लाकडी पाटावर बसल्या होत्या. उपटलेल्या केसांचे खुंट पुन्हा थोडे वाढले होते, टाचांना भेगा होत्या, आणि मांडीवरच्या शास्त्रावर एक बोट ओळीच्या खाली ठेवलेले होते. लहानपणी वाचतानाही ते बोट असेच असे. पलीकडे थोरल्या माताजी जप करत होत्या. चंपाबाई योग्य अंतरावर बसल्या.

“वंदामि माताजी.”

पिच्छी उचलली गेली.

“साडीचं म्हनून आले हुते.”

“साडीचा दोष नाही,” माताजी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता प्रवचनाच्या भाषेत मुरला होता. गावाकडचे वळण त्यातून धुऊन गेले होते. “वास थोडाच होता. दोष माझा, की मी त्याच्यामागून गेले. एक परस दिसले. दोरीवर कपडे दिसले. कुणीतरी दारात सायकल लावून आत येताना दिसले. तिथून मला लवकर परत यायचे नव्हते, चंपाबाई. म्हणून उपवास.”

लेकीच्या तोंडी आपले नाव ऐकायची त्यांना अजून सवय झाली नव्हती.

माताजींनी शास्त्रावरून बोट उचलले. “वाळा तुम्ही घातला होता?”

प्रश्न साधा होता, आवाजही सपाट. परंतु तो ज्या घराबद्दल होता त्या घरात माणसे दोनच होती, आणि हे विचारणारीला ठाऊक होते. चंपाबाईंच्या जिभेच्या टोकावर एक शब्द येऊन बसला. ‘आप्पांनी.’ एवढाच शब्द. तो उच्चारला, की इतक्या वर्षांचा दगड निखळणार होता. जो बाप दीक्षेला आला नाही, चातुर्मासात पायरी चढला नाही, त्यानेच सांजेला घर रिकामे पाहून हंड्यात जुडी सोडली, हे लेकीला समजणार होते. आईजवळ लेकीला द्यायला याहून मोलाचे काही उरले नव्हते. रायगोंडांनी तर स्वतःच सांगायला सांगितले होते.

आणि मग उद्या ही ध्यानाला बसेल. पुन्हा परस दिसेल, पुन्हा सायकल दारात लागेल. या खेपेला तिला परत यायला किती उपवास लागतील?

आईने सांगितले असते. चंपाबाईंना श्राविका म्हणून यायला सांगितले होते.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “जुनी सवय. हातनं पडला. चूक माजी हाय.”

माताजी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. नेहमीपेक्षा एक श्वास अधिक. त्या डोळ्यांत काही सुटल्यासारखे झाले, की काही विझल्यासारखे, हे चंपाबाईंना ठरवता आले नाही. मग बोट पुन्हा ओळीखाली गेले.

थोरल्या माताजींनी जपमाळ बाजूला ठेवली. “चूक मानली, तिथे विषय मिटला. अजून एकदा धुऊन पाहा, चंपाबाई. पण कुणाचा हात फिरला आहे, हे त्या कापडाला कळता कामा नये.”

चंपाबाईंनी जमिनीला कपाळ टेकवले. उठताना त्यांनी मनातल्या मनात उद्याचे अन्नपाणी सोडले. माताजींसमोर खोटे बोलणे झाले होते; त्याचे प्रायश्चित्त त्यांनी स्वतःलाच सांगितले.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी हंडा आधी चिंचेने आणि मग राखेने घासला, उन्हात पालथा घातला, पुन्हा घासला. फडकी नवी फाडली. विहिरीचे पाणी गाळले, जीव परत सोडले, पाणी उकळून निववले. रिठा नेहमीपेक्षा पातळ घेतला, कारण रिठ्यालाही स्वतःचा एक उग्रट वास असतो, असे त्यांना आठवत होते. साडी दाबली, सोडली, दाबली, सोडली. मग पाण्यातून काढली. पाणी बदलून पुन्हा काढली. आणि फेसाची शेवटची आठवणसुद्धा पाण्यात उरली नाही तरी त्या काढतच राहिल्या. पोटात अन्न नव्हते, त्यामुळे हात हलके चालत होते. आजवर त्या साडीतला मळ धूत आल्या होत्या. आज त्या स्वतःला धुऊन काढत होत्या.

दुपार कलली तशी साडी वाळली. परंतु काम पुरते झाले की नाही, हे त्यांना समजणार कसे? त्यांनी हाक मारली.

“आवं, हिकडं या जरा.”

“दोरीखालनं नगं म्हनतीस न्हवं?”

“आंगुळ करून या. धुतल्यालं धोतर नेसा.”

रायगोंडा काही न विचारता न्हाणीत गेले. आले तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होते आणि धुतल्या धोतरात ते एखाद्या वेगळ्याच घरचे वाटत होते.

“हात मागं धरा,” चंपाबाई म्हणाल्या. “लावू नगा. नुसता वास घ्या. या टोकापासनं त्या टोकापर्यंत.”

रायगोंडांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आज त्यांनी मान उजवीकडे वळवली नाही. दोरीवर लांबलचक पांढरे कापड उन्हात भरून उभे होते. ते त्याच्यापाशी गेले, थोडे वाकले, आणि पदराच्या बाजूने हळूहळू सरकू लागले. देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. अर्ध्यावर येऊन ते थांबले.

“काय?” चंपाबाई दोरीजवळ आल्या. “रिठ्याचा येतोय?”

“न्हाई.”

“धुराचा? माज्या हाताचा?”

“न्हाई गं.”

“मग थांबलासा का?”

“कशाचाच न्हाई, म्हनून थांबलो.” त्यांनी वळून पाहिले नाही. “लेकराच्या कापडाला कशाचाच वास न्हाई, चंपा.”

चंपाबाईंनी डोळे मिटले. साडी चांगली धुतली गेली होती. याहून चांगली धुता आली नसती.

घडी घालताना रायगोंडा दूर पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “माजं नाव सांगितलंस?”

“न्हाई.”

“मग?”

“मी टाकला म्हनून सांगितलं.”

रायगोंडांनी यावर मान खाली घातली. “बरं केलंस,” ते म्हणाले. आणि मग, प्रथमच आदराने, “त्यांनी काय इचारलं का?”

“वाळा तुमी घातला का, एवढं इचारलं.”

“तुमी घातला का, असं इचारलं?”

“व्हय.”

ते पुष्कळ वेळ त्या प्रश्नाकडे पाहत बसले. उन्हे परसातून निघून गेली.

साडी मंदिरात पोचली. दुसऱ्या दिवशी काही निरोप आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. साक्षीताई आली ती दुसरी साडी धुवायला घेऊनच. मंगल रहाटावर म्हणाली, “सुटले बया मी. तुमच्यावानी दाबत-सोडत बसले असते तर माज्या घरची चूल पेटली नसती.” दिवाळीपर्यंत संवेगमती माताजींची साडी चंपाबाईंनीच धुतली.

*

चातुर्मास सरला आणि एका सकाळी माताजी फलटणच्या वाटेला लागल्या. निरोप द्यायला अर्धे गाव कवलापूरपर्यंत चालत निघाले. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. कुठे तोड सुरू झालेली, कुठे पाटाचे पाणी फुटून रस्त्यावर आलेले. ऊस भरलेला एक ट्रॅक्टर जवळून गेला आणि साचल्या पाण्यातून चिखल उडाला. माताजी थांबल्या नाहीत. पण मागून अनवाणी चालणाऱ्या चंपाबाईंना घोट्याजवळच्या पांढऱ्या कापडावर तो काळा शिंतोडा वितभर पसरलेला दिसला, आणि पुढची सगळी वाट त्यांना दुसरे काही दिसले नाही.

कवलापूरच्या वेशीवर बायका कलश घेऊन उभ्या होत्या. माताजींना घेऊन घोळका मंदिराकडे वळला. मागे रेंगाळलेल्या एका तरुण, ठसठशीत बाईला चंपाबाईंनी गाठले.

“हितं धाकट्या माताजींची साडी कोन धुनार हाय?”

“मीच की. का वो मावशी?”

“घोट्यापाशी चिखल उडालाय. ओला हाय तवर चोळू नगा. वाळू द्या, मग हलक्या हातानं झाडा, आनि मगच रिठा. ऊन पान्यात घालू नगा, डाग धरून बसंल.”

“मावशी, आमी काय पयल्यांदा कापडं धुतोय व्हय?” ती बाई हसली, पण चंपाबाई हसल्या नाहीत हे पाहून तिने आवाज उतरवला. “झाडीन हळू. काळजी करू नगा. तुमी त्यांच्या कोन?”

घोळका मंदिराच्या पायऱ्या चढत होता. माणसांच्या खांद्यांमधून पांढऱ्या कापडाचा एक तुकडा दिसला आणि गाभाऱ्याच्या सावलीत गेला.

“कुनी न्हाई,” चंपाबाई म्हणाल्या. “मागच्या गावाला मी धूत हुते.”

त्या परत फिरल्या. वेशीबाहेर, ओढ्याच्या पुलाच्या कठड्याला टेकून रायगोंडा उभे होते. दोन्ही चपला हातात, पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले.

“तुमी कवा आलासा?”

“मागनंच.”

“चालत? यार्डाला सुट्टी हाय व्हय आज?”

आज यार्डात हळदीचे सौदे होते. रायगोंडांनी खाली वाकून चपला चंपाबाईंच्या पायांपुढे ठेवल्या.

“घाल. रस्ता तापलाय.”

“आनि तुमी?”

“मी येतो असाच.”

चपला त्यांना मोठ्या होत्या, आणि पट्ट्यांच्या शिवणीत पिवळी हळद बसलेली होती. पाऊल निसटू नये म्हणून चंपाबाई सावकाश चालू लागल्या. रायगोंडा अनवाणी पायांनी त्यांच्या चालीने, रस्त्याच्या मातीच्या कडेकडेने, त्यांच्या शेजारून चालत राहिले.